आपली बादली आपण उतरवू

मराठीत म्हणतात परसाकडे, कानडीत म्हणतात बयलुकडे. परस म्हणजे घरामागची जागा, बयलु म्हणजे मोकळे रान. दोन्ही भाषांनी क्रियेचे नाव घेण्याचे टाळून फक्त दिशा सांगितली आहे. आपल्या सीमाभागात दुकानाची पाटी कोणत्या भाषेत असावी, शाळेचा दाखला कोणत्या लिपीत मिळावा, यावर सत्तर वर्षांच्या घरात वाद चालू आहे; पण माणसाने पोट कोठे रिकामे करावे, या प्रश्नाला दोन्ही भाषकांनी पिढ्यान्‌पिढ्या एकमुखाने 'तिकडे' असेच उत्तर दिले आहे. तिकडे कोणी राहत असेल, तिथले पाणी कोणी पीत असेल, ही शंका ना आपल्याला शिवली ना त्यांना.

घरोघरी संडास झाले, तेव्हा हे 'तिकडे' संपले असे आपण समजलो. संपलेले नाही. ते आता सुट्टीच्या दिवशी मोटारीत बसून जाते. दिवाळी उलटली, थंडी पडली की बेळगाव, निपाणी, खानापूर, कोल्हापूर, पणजीहून मंडळी गडावर, धरणाच्या काठावर, आंबोलीच्या पठारावर राहायला निघतात. सामानाची यादी पाहावी. तंबू आहेत, त्यांच्याखाली अंथरायच्या मॅट आहेत, विजेऱ्या आहेत, गॅसची शेगडी, मसाला लावून ठेवलेली कोंबडी, चहाचा वेगळा मसाला, गाणी लावायचा डबा, त्या डब्याला वीज पुरवणारा दुसरा डबा, असे सगळे आहे. वीस माणसे दोन दिवस खाणार, पिणार, म्हणजे त्यांचे पुढे काय होणार हे पहिलीतल्या पोरालाही कळते. पण त्यासाठी या यादीत काय असते? एक प्लास्टिकचे टमरेल. तेही कोणी तरी ऐनवेळी आठवणीने घातलेले.

माझे म्हणणे थोडक्यात असे की, जो गट रानात मुक्कामाला जातो त्याने स्वतःचा संडास बरोबर न्यावा आणि भरलेला स्वतः खाली आणावा. हा संडास म्हणजे काही विलायती यंत्र नव्हे. रंगाची रिकामी बादली, झाकण, गोणीभर भाताचे तूस आणि आडोशाला एक जुनी चादर, एवढीच त्याची सामग्री. ज्याला हे जमत नाही त्याने मुक्कामाला जाऊ नये, सकाळी जाऊन संध्याकाळी परत यावे. हे वाचून काहींना हसू येईल आणि काहींना किळस वाटेल. दोघांशीही मला भांडायचे आहे.

आधी जागेविषयी. आपल्या जवळचे गड ओसाड आहेत, अशी शहरी माणसाची एक समजूत असते. चंदगड तालुक्यातला पारगड पाहा. शिवछत्रपतींच्या काळापासून तिथे वस्ती आहे. तानाजीचा मुलगा रायबा मालुसरे तिथला किल्लेदार होता आणि त्या घराण्याचे वंशज आजही गडावर राहतात. महिपाळगड तर बेळगावकरांच्या हाकेच्या अंतरावर. त्याच्याही माथ्यावर गाव आहे. ज्या झुडपामागे पाहुणा सकाळी जाऊन येतो, त्याच्या खालच्या अंगाला कोणाची तरी विहीर असते, नाहीतर गुरांचे पाणी पिण्याचे तळे. ज्या गडांवर वस्ती नाही, तिथे पाणी म्हणजे खडकात खोदलेली टाकी. वाहते पाणी घाण पुढे तरी नेते. टाक्यात पडले ते टाक्यातच राहते. दुसऱ्या दिवशी येणारा दुसरा गट त्याच टाक्यातून तांब्या भरून घेतो आणि 'काय गोड पाणी' म्हणतो.

इथे हमखास एक शहाणा उठतो आणि सांगतो की, निसर्ग सगळे पचवतो, जनावरे काय बादल्या घेऊन फिरतात काय? जनावर एका जागी चाळीस तंबू ठोकून राहत नाही, हे त्याचे पहिले उत्तर. दुसरे असे की, माणसाच्या पोटातले जंतू नेमके माणसालाच आजारी पाडतात. अमेरिकेत मोंटाना राज्याच्या डोंगरात संशोधकांनी जंतू मिसळलेली विष्ठा मातीत पुरून पाहिली आणि १९८२ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. पुरलेले जंतू एक हिवाळा उलटल्यावरही जिवंत सापडले, आणि कमी खोल पुरले की जास्त, याने फारसा फरक पडला नाही. आपल्याकडे ऊन कडक, तिथल्या बर्फाची तुलना कशाला, असे कोणी म्हणेल. म्हणणे काही अंशी खरे आहे. उन्हात उघडे पडलेले जंतू लवकर मरतात. पण माणूस उन्हात बसत नाही, तो सावली आणि ओल शोधतो, आणि तिथे जंतांची अंडी महिनोन्‌महिने, प्रसंगी वर्षाहून अधिक काळ तग धरतात. त्यावर जूनमध्ये पाऊस येतो. आंबोलीला वर्षाकाठी सात हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो. वर्षभर झुडपांमागे साठलेले सगळे पहिल्या आठ दिवसांत कोठे जाते, याचा हिशेब करायला अभियंता लागत नाही.

मातीत वीतभर खड्डा खणून पुरावे आणि पाण्यापासून साठ-सत्तर पावले दूर राहावे, हा जुन्या भटक्यांचा नियम वाईट नाही. एक-दोघे जाणार असतील आणि माती खोल असेल, तर तो पाळावा. पण सह्याद्रीच्या गडमाथ्यावर माती असते किती? चार बोटांवर कातळ लागतो नाहीतर जांभा. शिवाय जो गड संरक्षित स्मारक आहे तिथे परवानगीवाचून कुदळ मारता येत नाही, आणि मारूही नये. म्हणजे खणायची सोय नाही आणि उघड्यावर टाकायचा अधिकार नाही. उरते काय, तर बादली.

आता पूर्वजांची साक्ष काढणाऱ्यांकडे वळतो, कारण आपल्याकडे प्रत्येक गलिच्छ सवयीच्या मागे कोणी ना कोणी पूर्वज उभा केला जातो. "महाराजांचे मावळे काय बादल्या घेऊन गडावर जात होते?" हा प्रश्न मला छाती फुगवून विचारला गेला आहे. विचारणाऱ्याने राजगड पाहिला होता, निदान त्याच्या अंगातल्या सदऱ्यावर राजगडाचे चित्र होते. त्या राजगडाच्या संजीवनी माचीच्या तटात जागोजागी शौचकूप बांधलेले आहेत. तटावर पहारा देणाऱ्या शिपायाने जागा सोडून लांब जाऊ नये आणि गड घाण होऊ नये, हा विचार साडेतीनशे वर्षांपूर्वी दगडात कोरून ठेवलेला आहे. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात गडाच्या व्यवस्थेचे प्रकरण आहे. गडावर केरकचरा पडू देऊ नये, तो गडाखालीही लोटू नये, जागच्या जागी जाळून त्याची राख परसात घालावी आणि त्यावर भाजीपाला करावा, इथपर्यंत तपशील त्यात आहे. म्हणजे ज्यांच्या नावाने आपण घोषणा देतो त्यांनी या विषयाचा विचार केला होता. घोषणा देऊन झाल्यावर त्याच तटाच्या आडोशाला जाऊन बसणाऱ्याने मावळ्यांचे नाव घेऊ नये.

बायकांची गोष्ट तर निराळीच, आणि माझ्या मते खरे दुखणे तिथे आहे. पुरुष 'जरा जाऊन येतो' म्हणतो आणि दहा पावलांवर त्याचे काम होते. बाईचे तसे नाही. आमच्याकडच्या एका महिला मंडळाच्या सहलीची हकिकत सांगतो. पस्तीस बायका, पहाटे पाचला निघालेली गाडी, धरणाच्या काठी दिवसभराचा कार्यक्रम. गाडीत प्रत्येकीच्या पिशवीत पाण्याची बाटली होती आणि संध्याकाळी परत येताना बहुतेक बाटल्या तशाच भरलेल्या होत्या. आदल्या रात्रीपासून त्यांनी पाणी तोडले होते. एकमेकींना कोणी काही सांगितले नव्हते. हे आईकडून मुलीकडे न बोलता येते. दोघींना पुढे आठवडाभर जळजळीचे औषध घ्यावे लागले. सहलीच्या पत्रकात नाश्त्याला उपीट की पोहे याची चर्चा होती, अंताक्षरीला बक्षीस काय हेही होते. या एका गोष्टीची नोंद नव्हती, कारण पत्रक पुरुष कार्यकर्त्यांनी तयार केले होते आणि बायकांनी 'असू दे' म्हटले होते.

गडावरच्या मुक्कामात हेच दसपट होते. अंधार पडण्याची वाट पाहायची, मग विजेरी घेऊन तिघींनी मिळून जायचे, साप-विंचवाला भ्यायचे आणि त्याहून जास्त दुसऱ्या तंबूतल्या अनोळखी पोरांना. पाळीचे दिवस असतील तर मुलगी सरळ 'मी येत नाही' म्हणते आणि कारण विचारल्यावर अभ्यास सांगते. मुली ट्रेकला का येत नाहीत, यावर आमचे गिर्यारोहक मित्र गंभीर चेहऱ्याने बोलतात. त्यांनी चार दांडक्यांना एक चादर बांधून आत बादली ठेवावी आणि पुढच्या वेळी मोजावे.

ती बादली कशी करायची, हे आता सविस्तर सांगतो. डिस्टेंपरची वीस लिटरची रिकामी बादली कोणत्याही रंगाऱ्याकडे मिळते. झाकण घट्ट बसणारे हवे आणि कडी शाबूत हवी. बसायला जुन्या कमोडची बैठक मिळाली तर उत्तम. नाहीतर सुताराकडून एका जाड फळीला भोक पाडून घ्यावे, त्याच्या कडा कागदाने घासून गुळगुळीत कराव्यात आणि फळी बादलीच्या दोन्ही बाजूंना रचलेल्या दगडांवर टेकवावी, म्हणजे भार बादलीवर येत नाही. गुडघे धड असलेल्यांना दगडांवर पाय ठेवून उकिडवेही बसता येते. तळाला चार बोटे तूस घालायचे आणि प्रत्येक वेळेनंतर वरून दोन ओंजळी. आपल्या भागात भाताच्या गिरणीवर तूस मागाल तेवढे मिळते. नसेल तर लाकडाचा भुसा, नाहीतर शेणीची राख. वास येतो तो मुख्यत्वे ओलीमुळे आणि उघडे राहिल्यामुळे. तुसाने ओल शोषली आणि मैला झाकला की माशा बसत नाहीत. लघवी होता होईल तो बादलीत जाऊ देऊ नये, ती वेगळी, पाण्यापासून लांब, मातीवर. धुण्याची आपली सवय मोडावी असे मी म्हणत नाही. आधी कागदाने पुसावे, तो कागद बादलीत टाकावा, आणि मग तांब्याभर पाण्याने धुवावे, पण बादलीपासून चार हात दूर आणि टाक्याच्या वरच्या अंगाला नव्हे. पाळीचे कपडे आणि पॅड यांना वेगळी जाड पिशवी, तीही खाली आणायची. शेकोटीत टाकायची नाही. हाताला साबण.

वजनाचे भय कोणी घालू नये. माणशी दिवसाला पाव ते अर्धा किलो धरले तर दहा जणांच्या एका रात्रीचे जास्तीत जास्त पाच किलो होते. तूस तर हलकेच. वर जाताना याहून जड कोंबडी आणि पाण्याच्या बाटल्या नेल्या होत्या आणि त्या पोटात घालून हलके झाला होता, मग उतरताना पाच किलो जड का वाटावेत?

जगात हे कोणी करत नाही, असेही समजू नये. अमेरिकेत कोलोरॅडो नदीच्या ग्रँड कॅन्यन या खोल दरीतून होड्यांनी दोन-दोन आठवड्यांचा प्रवास करणारे लोक गेली चाळीसहून अधिक वर्षे आपला सगळा मैला बरोबर घेऊन बाहेर येतात. सुरुवातीला त्यांनी सैन्यातल्या काडतुसांच्या रिकाम्या लोखंडी पेट्या वापरल्या. पेटीवर बैठक नसे, तिच्या कडांचे दोन वळ बसणाऱ्याच्या पार्श्वभागावर उमटत. म्हणून त्या पेटीला तिथे 'ग्रूव्हर', म्हणजे वळ उठवणारी, असे नाव पडले. आता चांगल्या बैठका आल्या, नाव तेच राहिले. एव्हरेस्टच्या पायथ्याच्या स्थानिक पालिकेने २०२४ सालापासून गिर्यारोहकांना आपली विष्ठा पिशवीतून खाली आणण्याचे बंधन घातले आहे. एव्हरेस्टवर जमते आणि महिपाळगडावर जमत नाही!

इथवर मान डोलावणारे पुष्कळ भेटतात. त्यांचा पुढचा प्रश्न ऐकला की मात्र मला घाम फुटतो. "कल्पना छान आहे हो, पण ती बादली उचलणार कोण?" आणि मग लगेच त्याचे उत्तरही तेच देतात की, पायथ्याच्या गावातला एखादा पोरगा बघू, त्याला दोनशे-तीनशे रुपये देऊ. पैसे घेऊन सहली नेणाऱ्या काही मंडळींनी हे सुरू केलेले आहे. वर वाटाड्या म्हणून नेलेल्या पोराच्या हाती सकाळी फावडे देतात. तो पोरगा कोणत्या वाडीतला निवडला जातो, हे सांगायची गरज नाही. गावाला ते बरोबर कळते.

बादली नवी नाही, मंडळी. आपल्याच शहरांच्या जुन्या गल्ल्यांत टोपलीचे संडास होते आणि मागच्या बोळातून येऊन डोक्यावरून मैला वाहून नेणारी माणसे होती. त्या बोळांतून आता स्कूटरी जातात, पण बोळ का ठेवले होते हे साठीच्या पुढच्या प्रत्येकाला ठाऊक आहे. १९९३ साली कायद्याने ही प्रथा बंद केली, २०१३ साली कायदा अधिक कडक केला. तीच टोपली आपण तंबूच्या मागे नेऊन ठेवणार असू आणि ती उचलायला पुन्हा त्याच घरातला मुलगा बोलावणार असू, तर त्यापेक्षा झुडपामागे गेलेले परवडले. त्यात निदान घाणच होते, माणसाचा अपमान होत नाही.

याविषयी आपल्या भागाला सांगण्यासारखे बरेच आहे. गांधीजी १९०१ साली कलकत्त्याच्या काँग्रेसला गेले, तेव्हा तिथल्या संडासांची अवस्था पाहून त्यांनी स्वयंसेवकांना विचारले. ते भंग्याचे काम आहे, असे उत्तर मिळाले. त्यांनी झाडू मागून घेतला आणि आपल्यापुरते साफ केले. हेच गांधीजी ज्या एकमेव अधिवेशनाचे अध्यक्ष झाले ते १९२४ चे बेळगावचे. टिळकवाडीत छावणी पडली होती. तिथे खोदलेली काँग्रेसची विहीर आजही आहे. त्या छावणीत संडाससफाई स्वयंसेवकांनी केली. शताब्दीच्या निमित्ताने आपण त्या अधिवेशनाविषयी खूप ऐकले, पण संडासांविषयी भाषणांत फारसे काही ऐकल्याचे मला आठवत नाही.

आणि अप्पासाहेब पटवर्धन. चौकुळ-आंबोलीचा घाट उतरून गेले की पुढे कणकवली, आणि तिथे त्यांचे गोपुरी. १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात या माणसाने संडास साफ करण्याचे काम मागितले. तुरुंगाच्या नियमाप्रमाणे ते काम ठराविक जातीच्या कैद्यांचे. ब्राह्मणाला ते मिळेना. अप्पांनी अन्न कमी केले. येरवड्याला गांधीजींना हे कळल्यावर त्यांनीही त्यांच्या पाठिंब्यासाठी उपवास मांडला, तेव्हा कोठे सरकार नमले. तुरुंगात लोक सुटका मागतात, दूध मागतात, वर्तमानपत्र मागतात. यांनी मैला मागितला. पुढे गोपुरीत त्यांनी चराचे संडास केले, मैल्याचे खत केले, ते शेतात घातले. सोनखत हा शब्द मराठीत आधीपासून होता. सोने म्हणायचे आणि हात लावणाऱ्याला दूर ठेवायचे, ही चलाखी अप्पांनी चालू दिली नाही.

म्हणून माझ्या बादलीला एक अट आहे आणि ती सुटी करता येणार नाही: ज्यांनी भरली त्यांनीच ती उतरवायची, त्यांनीच रिकामी करायची. वयाने किंवा दुखण्याने ज्याला खरोखर जमत नाही त्याच्या वाटणीचे घरच्याने करावे, विकतच्या माणसाने नव्हे. उतरताना पाळी लावा. गटाच्या प्रमुखाची पाळी पहिली.

रिकामी कोठे करायची, हाही प्रश्न रास्त आहे. घरामागे जागा असेल तर कमरेइतका खड्डा खणून त्यात ओतावे, वर पालापाचोळा आणि माती घालावी आणि किमान वर्षभर त्याला हात लावू नये. मग ते झाडांना घाला, भाजीला नको. फ्लॅटमध्ये राहणाऱ्याने पायथ्याच्या शेतकऱ्याला आधी विचारून त्याच्या बांधाशी जागा मागून घ्यावी, पण खड्डा स्वतः खणावा आणि स्वतः बुजवावा. घरच्या कमोडमध्ये तूस ओतू नये, नळ तुंबेल. गटारात किंवा कचराकुंडीत तर मुळीच नाही. तसे केले तर गडावरची घाण गल्लीत आणण्यापलीकडे काही साधले नाही.

सरकारने गडागडांवर संडास बांधावेत, हा आमच्या लोकांचा शेवटचा आसरा. बांधावेत की! पण गडमाथ्यावर पाणी नाही, वाहून न्यायला वाट नाही आणि झाडायला माणूस नाही. अशा ठिकाणी बांधलेल्या संडासांची दारे एका पावसाळ्यात निघतात आणि मग तेही 'तिकडे' होतात. वारीची गोष्ट वेगळी. लाखो माणसे ठरलेल्या तिथीला ठरलेल्या वाटेने जातात, तिथे शासनाने फिरते संडास लावायला घेतले आणि गेल्या दहा वर्षांत पालखीमार्गावरच्या गावांना त्याचा फरक दिसला. सौंदत्तीच्या डोंगरावर पौर्णिमेला मराठी-कानडी भाविक चुली मांडून राहतात, तिथेही हे सरकारकडे आणि देवस्थानाकडे हक्काने मागितले पाहिजे. पण शनिवारी रात्री चंदगडच्या डोंगरावर चार गाड्या भरून मजा करायला जाणारे आपण काही वारकरी नव्हे. आपल्याला कोणी बोलावलेले नाही.

यंदाच्या हिवाळी मोहिमांची पत्रके छापून झाली असतील. ज्यांची अजून व्हायची आहेत त्यांनी सामानाच्या यादीत विजेरीच्या खाली एवढे घालावे: बादली झाकणासह एक, फळी एक, तूस अर्धी गोणी, जुनी चादर, सुतळी, साबण. आणि त्याखाली उतरताना बादली धरणाऱ्यांची नावे, पाळीने. झाकणावरून सुतळीचे दोन आडवे-उभे वेढे द्यावेत, बादली गोणपाटात गुंडाळावी, म्हणजे गाडीच्या डिकीत ती स्टेपनीशेजारी नीट उभी राहते.